उपसलेली विहीर किती वेळात भरते: आलेखाच्या सॉफ्टवेअरमध्ये स्वतःचे सूत्र बसवण्याची पद्धत

विदर्भातल्या काळ्या पाषाणात खोदलेल्या विहिरीवर ओलीत करणाऱ्याला दोन गोष्टी नेमक्या ठाऊक असाव्या लागतात. विहीर उपसल्यावर ती पुन्हा भरायला किती तास लागतात, ही पहिली. आणि तासाला किती लिटर पाणी आत येते, ही दुसरी. हरभऱ्याला एक पाणी जास्त देता येईल का, किंवा संत्र्याच्या किती झाडांचा उन्हाळा या विहिरीवर निघेल, हे अंदाज याच दोन आकड्यांवर उभे असतात. एका दिवसाच्या नोंदींतून हे आकडे काढता येतात, मात्र त्या नोंदींवर सरळ रेघ मारून ते मिळत नाहीत, कारण पाणी सुरुवातीला झपाट्याने चढते आणि मूळ पातळीजवळ येता येता त्याचा वेग मंदावत जातो.

आलेखाच्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये सरळ रेषा आणि बहुपदी हे पर्याय तयार असतात, आणि तिसऱ्या घाताची बहुपदी निवडली तर ती नोंदींच्या बिंदूंमधून बऱ्यापैकी सुबक जाते. पण शेवटच्या नोंदीच्या पुढे हीच वक्ररेषा भलत्या दिशेला वळते, आणि तिच्या सहगुणकांचा विहिरीशी काही अर्थ लागत नाही. म्हणून येथे विहिरीच्या वागण्यातून निघालेले सूत्र आपणच लिहायचे आणि त्यातील अज्ञात संख्या सॉफ्टवेअरकडून शोधून घ्यायच्या. या कामाला अरेषीय सूत्र-जुळणी म्हणतात आणि त्या अज्ञात संख्यांना प्राचल म्हणतात. पुढील पायऱ्या सायडॅव्हिस या मोफत, मुक्तस्रोत सॉफ्टवेअरच्या आधाराने सांगितल्या आहेत. ते जुन्या लॅपटॉपवर आणि इंटरनेटशिवाय चालते, आणि गावाकडे या दोन गोष्टींना मोल आहे. लॅबप्लॉट, ऑरिजिन किंवा नूप्लॉट वापरणाऱ्यांना बटणांची नावे निराळी दिसतील, कामाचा क्रम मात्र हाच राहील.

सूत्र कोठून येते

उपसा थांबवल्यावर विहिरीतील पाणी मूळ पातळीपेक्षा जितके खाली असते, त्या अंतराला या लेखात तूट म्हटले आहे. खडकाच्या भेगांतून आणि मुरमातून आत येणारे पाणी तुटीच्या प्रमाणात असते असे गृहीत धरले, म्हणजे तूट दुप्पट तर आवक दुप्पट, तर तूट काळानुसार घातांकी रीतीने घटते, म्हणजे दर तासाला उरलेल्या तुटीचा तितकाच हिस्सा भरून निघतो. चार्ल्स स्लिक्टर या अमेरिकन गणितज्ञाच्या नावाने ओळखले जाणारे आणि आपल्याकडे उघड्या विहिरींच्या चाचणीसाठी अभियांत्रिकीत शिकवले जाणारे सूत्र याच गृहीतकावर आधारलेले आहे. काठापासून पाण्यापर्यंतची खोली वाय आणि मोटर बंद केल्यापासूनचा वेळ एक्स मानला, तर सूत्र असे होते:

वाय = सी + डी × ईएक्सपी(−के × एक्स)

यात ईएक्सपी म्हणजे २.७१८ या गणिती स्थिरांकाचा कंसातल्या संख्येइतका घात. सी म्हणजे विहिरीची स्थिर पातळी, अर्थात पुरेसा वेळ दिल्यास पाणी जेथे येऊन थांबेल ती खोली. डी म्हणजे मोटर बंद करतानाची तूट. के म्हणजे भरण्याचा दर, आणि त्याचे एकक ‘दर तासाला’ असे येते. तिन्ही प्राचलांना असा ठोस अर्थ असणे ही सोयीपेक्षा मोठी गोष्ट आहे. सॉफ्टवेअरने दिलेले उत्तर स्वीकारावे की फेकून द्यावे, हे पुढे याच अर्थांवरून ठरते.

नोंदी घेताना

विहिरीच्या काठावर रंगाने एक खूण करावी आणि प्रत्येक मोजमाप त्याच खुणेपासून घ्यावे. टेपच्या टोकाला ओळंबा बांधून तो पाण्याला टेकेपर्यंत सोडावा. मोजण्यासाठी विहिरीत उतरू नये, आणि रात्रीच्या नोंदींना सोबत माणूस ठेवावा. मोटर सुरू करण्यापूर्वीची पातळीही अवश्य लिहून ठेवावी, कारण तो आकडा पुढे दोनदा कामाला येतो.

सुरुवातीला पातळी वेगाने बदलते, म्हणून पहिल्या एक-दोन तासांत नोंदी जवळजवळ घ्याव्यात आणि नंतर अंतर वाढवत न्यावे. चाचणीच्या काळात या विहिरीची मोटर चालता कामा नये, आणि शक्य असेल तर लगतच्या वावरातल्या विहिरींचाही उपसा बंद असावा. शेतीपंपाची वीज पाळीने येते. तेव्हा लाइन कोणत्या तासाला येणार हे पाहूनच चाचणीची वेळ ठरवावी, नाहीतर ऑटो स्विचवर असलेली शेजारची मोटर मध्यरात्री आपोआप सुरू होते आणि त्यापुढच्या नोंदी दोन विहिरींच्या मिळून होतात.

सहा मीटर व्यासाच्या एका गोल विहिरीसाठी उदाहरणादाखल रचलेल्या नोंदी पुढे दिल्या आहेत. पहिला आकडा तासांचा, दुसरा काठापासूनच्या खोलीचा, मीटरमध्ये:

० – १०.२१
०.५ – १०.०२
१ – ९.८७
२ – ९.५५
३ – ९.३१
४ – ९.०५
६ – ८.६६
८ – ८.३६
१० – ८.०८
१२ – ७.९२
१६ – ७.६३
२० – ७.४८
२४ – ७.३७

वेळ दशांशात लिहिताना एक चूक फार सर्रास होते. दीड तास म्हणजे १.५, घड्याळाच्या सवयीने तो १.३० असा लिहिला, तर तो बिंदू बारा मिनिटे आधी सरकतो आणि सारा सुरुवातीचा भाग वाकडा दिसू लागतो. आकडे संगणकात भरताना कळफलक इंग्रजीवर ठेवावा, कारण देवनागरी अंक सॉफ्टवेअर संख्या म्हणून न वाचता मजकूर म्हणून वाचते आणि स्तंभ रिकामा असल्यासारखे वागते. दशांश चिन्हाचेही तसेच आहे: संगणकाची प्रादेशिक मांडणी युरोपीय पद्धतीची असेल, तर टिंबाऐवजी स्वल्पविरामाची अपेक्षा केली जाते.

तक्ता आणि आलेख

सायडॅव्हिस उघडल्यावर समोर येणाऱ्या कोऱ्या तक्त्यात पहिल्या स्तंभात वेळ आणि दुसऱ्यात खोली भरावी. नोंदी आधीच कॅल्क किंवा एक्सेलमध्ये असतील, तर त्या तेथून उचलून चिकटवता येतात. पहिला स्तंभ एक्स आणि दुसरा वाय म्हणून ठरवलेला आहे, याची खात्री करून दोन्ही निवडावेत आणि प्लॉट मेनूतून स्कॅटर हा पर्याय घ्यावा. बिंदू रेषेने जोडू नयेत. जोडलेली रेघ डोळ्याला खोटा आधार देते आणि एखादा भरकटलेला बिंदू तिच्या वळणात लपून जातो. जुळणीकडे जाण्यापूर्वी हा आलेख नीट पाहावा: एखादी नोंद उघडच सांधा सोडून असेल, तर आधी वही काढून ती तपासावी, परस्पर खोडू नये.

सूत्र लिहिणे

आलेखाची खिडकी निवडलेली असतानाच ॲनालिसिस मेनूतील फिट विझार्ड उघडावे. तक्ता निवडलेला असेल तर हा पर्याय तेथे सापडणार नाही. विझार्डमध्ये सूत्रांचे गट दिसतात, त्यांपैकी युझर डिफाइन्ड हा गट घ्यावा. नावाच्या चौकटीत सूत्राला नाव द्यावे, पॅरामीटर्सच्या चौकटीत सी, डी आणि के ही तीन इंग्रजी लहान अक्षरे स्वल्पविरामाने वेगळी करून लिहावीत आणि खालच्या मोठ्या चौकटीत सूत्राची फक्त उजवी बाजू टंकावी. ‘वाय बरोबर’ हा भाग लिहायचा नसतो.

येथे तीन पथ्ये पाळावी लागतात. गुणाकारासाठी दरवेळी तारांकन द्यावे, कारण के आणि एक्स नुसते शेजारी लिहिले तर सॉफ्टवेअर त्यांना दोन अक्षरी नवे नाव समजते. स्वतंत्र चलाचे नाव एक्सच ठेवावे, टी किंवा दुसरे काही चालत नाही. आणि कोणत्याही प्राचलाला ई हे अक्षर देऊ नये, कारण ते २.७१८ या गणिती स्थिरांकासाठी राखलेले असते. हे झाल्यावर सेव्ह करावे, म्हणजे पुढच्या विहिरीला हेच सूत्र यादीत तयार मिळेल, आणि मग फिट बटणाने पुढच्या पानावर जावे.

सुरुवातीच्या किमती

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्यावा, असे माझे मत आहे, आणि नेमकी हीच पायरी बहुतेक लोक ओलांडून पुढे जातात. सॉफ्टवेअर तिन्ही प्राचलांना आपल्या मनाने १ ही किंमत देऊन ठेवते. सरळ रेषेच्या जुळणीत त्याने काही बिघडत नाही, कारण तेथे उत्तर एका गणितात थेट निघते. अरेषीय सूत्रात तसे थेट गणित नसते: दिलेल्या किमतींपासून निघून, प्रत्येक फेरीत प्राचल थोडे बदलून, नोंदी आणि सूत्र यांच्यातील फरकांच्या वर्गांची बेरीज कमी करत जावे लागते. यासाठी बहुतांश सॉफ्टवेअरमध्ये लेव्हेनबर्ग आणि मार्क्वार्ट यांची रीत असते. लेव्हेनबर्गने ती १९४४ मध्ये मांडली आणि मार्क्वार्टने १९६३ मध्ये तिला आजचे रूप दिले. ही रीत चांगली आहे, पण ती आंधळ्यासारखी पायाखालचा उतार चाचपत खाली जाते. उतारच नसलेल्या सपाट जागी तिला सोडले तर ती तेथेच बसते.

अशी सपाट जागा कशी तयार होते ते पाहण्यासारखे आहे. समजा वेळ तासांऐवजी मिनिटांत भरला आणि के ची सुरुवातीची किंमत १ च राहू दिली. मग तिसाव्या मिनिटालाच घातांकी पद २.७१८ च्या ऋण तिसाव्या घाताइतके, म्हणजे जवळपास शून्य होते, आणि त्यापुढच्या साऱ्या नोंदींसाठी के थोडा वाढवला किंवा घटवला तरी सूत्रात काहीच फरक पडत नाही. सॉफ्टवेअरला के कोणत्या दिशेने हलवावा हे कळत नाही. ते सी ला उरलेल्या नोंदींच्या सरासरीवर नेऊन ठेवते आणि काम संपल्याचा निरोप देते. आलेखावर एक आडवी रेघ दिसते, चूक झाल्याची सूचना मात्र येत नाही.

म्हणून किमती विहिरीकडून घ्याव्यात. वरच्या नोंदींत शेवटची खोली ७.३७ आहे आणि पाणी अजून थोडे चढणार हे दिसते, तेव्हा सी साठी ७.३ पुरे, उपशापूर्वीची पातळी लिहून ठेवली असेल तर तीच द्यावी. पहिल्या नोंदीतून सी वजा केला की डी मिळतो: १०.२१ वजा ७.३, म्हणजे सुमारे २.९. के साठी एक सोपी युक्ती आहे. तूट मूळच्या ३७ टक्क्यांवर यायला जितके तास लागतात, त्यांचा व्यस्त म्हणजे के. २.९ चे ३७ टक्के १.०७, त्यात ७.३ मिळवले की ८.३७, ही खोली आठव्या तासाच्या नोंदीला जवळपास तंतोतंत भेटते, म्हणून के साठी एक भागिले आठ, म्हणजे ०.१२५. हा हिशेब कागदावर करायला पाच मिनिटेही लागत नाहीत.

विझार्डच्या याच पानावर रीत, फेऱ्यांची कमाल संख्या आणि टॉलरन्स, म्हणजे सुधारणा किती क्षुल्लक झाली की थांबायचे ती मर्यादा, हे पर्याय असतात. फेऱ्या १००० राहू द्याव्यात. टॉलरन्स ढोबळ असेल तर शोध लवकर थांबतो, म्हणून तो एक-दोन शून्ये वाढवून बारीक करावा. लेव्हेनबर्ग-मार्क्वार्ट अडकली, तर नेल्डर-मीड सिम्प्लेक्स ही दुसरी रीत वापरून पाहावी. ती उताराचे गणित करत नाही, त्यामुळे हळू असली तरी काही वेळा वाट काढते.

उत्तर वाचणे

फिट बटण दाबल्यावर बिंदूंवर वक्ररेषा उमटते आणि रिझल्ट लॉगमध्ये आकडे येतात. वरच्या नोंदींसाठी सी सुमारे ७.२०, डी ३.०० आणि के ०.१२१ येतो, त्यांच्यापुढे अधिक-उणे चिन्हाने प्रमाण त्रुटी, म्हणजे तो आकडा साधारण किती इकडे-तिकडे असू शकतो ते, लिहिलेली असते, ती सी आणि डी साठी सेंटीमीटरभराच्या आसपास आणि के साठी ०.००१ च्या आसपास असते. त्याच किमती परत सुरुवातीला भरून, आणि मग मुद्दाम वेगळ्या किमती देऊन, उदाहरणार्थ के ०.०५ व ०.३ घेऊन, जुळणी पुन्हा करावी. प्रत्येक वेळी तेच उत्तर आले तर त्यावर विसंबता येईल.

लॉगमध्ये आर-वर्ग नावाचा, वक्र नोंदींना किती जवळून जुळला ते सांगणारा आकडाही दिसतो (पूर्ण जुळणीला तो १ असतो), तो येथे ०.९९९९ च्या घरात असतो. त्याने हुरळून जाऊ नये. पातळी दहा मीटरवरून सात मीटरवर येणाऱ्या कोणत्याही गुळगुळीत वक्राला हा आकडा ०.९९ च्या वर सहज जातो, सूत्र चुकीचे असले तरीही. खरी परीक्षा शेषांची असते. शेष म्हणजे नोंदलेली खोली वजा सूत्राने दिलेली खोली. कॅल्कमध्ये तिसऱ्या स्तंभात सूत्राच्या किमती आणि चौथ्यात शेष काढून, ते वेळेसमोर मांडावेत. आपल्या उदाहरणात ते दोन-अडीच सेंटीमीटरच्या आत राहतात आणि त्यांची चिन्हे धन-ऋण अशी विस्कळीत येतात. ओळंब्याने मोजताना तेवढी चूक होणारच. शेष मोठे असण्यापेक्षा ते सलग एकाच चिन्हाचे असणे अधिक वाईट. सलग चार-पाच शेष धन आणि मग तितकेच ऋण आले, तर विहीर काहीतरी सांगत आहे आणि सूत्र ते ऐकत नाही, असे समजावे.

अशा ओळीत लागलेल्या शेषांची कारणे आपल्या भागात बहुधा ठरलेली असतात. एखाद्या तासापासून पुढे अचानक वळण दिसले, तर शेजारची मोटर सुरू झाली असावी. विहीर वर मुरमात रुंद आणि खाली पाषाणात अरुंद खोदलेली असेल, तर पाणी त्या पायरीला पोहोचताच चढण्याचा वेग बदलतो. पण सर्वांत जास्त आढळते ते आडव्या बोअरचे प्रकरण. आडवे बोअर किंवा मोठा झरा पाण्याच्या वर उघडा असतो तोवर त्यातून पडणारी धार विहिरीतल्या पातळीवर अवलंबून नसते; ती जवळपास एकसारखी पडते आणि पाणी सरळ रेषेत चढते. बोअर पाण्याखाली गेल्यावर मात्र आपले घातांकी सूत्र लागू होते. यासाठी दोन तुकड्यांचे सूत्र लिहिता येते, पण मी आधी सोपा मार्ग सुचवीन: बोअरच्या तोंडाची खोली मोजावी, पाणी तेथे कितव्या तासाला आले ते नोंदीत पाहावे, आणि विझार्डमधील फ्रॉम एक्स व टू एक्स या चौकटी वापरून फक्त त्यानंतरच्या नोंदींना सूत्र बसवावे. तेव्हा डी चा अर्थ बदलतो हे ध्यानात असू द्यावे. तो शून्याव्या तासाची खरी तूट राहत नाही, सूत्र मागे ताणून मिळणारा आकडा होतो.

शेष बिघडले की सूत्रात आणखी एक प्राचल घालण्याचा मोह होतो. प्राचल वाढवला की जुळणी नेहमीच सुधारलेली दिसते, म्हणून ती सुधारणा पुरावा ठरत नाही. नव्या प्राचलाची प्रमाण त्रुटी त्याच्या किमतीइतकीच मोठी आली, तर तो काढून टाकावा.

नोंदी लवकर थांबवल्या तर

चोवीस तास कोण थांबणार, म्हणून चार तासांच्या नोंदींवर भागवण्याची पद्धत आहे. वरच्याच उदाहरणातल्या पहिल्या सहा नोंदी घेऊन जुळणी करून पाहावी. वक्ररेषा त्या सहा बिंदूंवर उत्तम बसते, पण सी ची प्रमाण त्रुटी सेंटीमीटरभरावरून अर्ध्या मीटरच्या घरात जाते आणि के ची त्याच्या किमतीच्या पाचव्या हिश्श्यापर्यंत पोहोचते. कारण असे की चार तासांत वक्राचे वळण पुरते दिसलेलेच नसते. स्थिर पातळी खोल आणि भरणे जलद, किंवा पातळी उथळ आणि भरणे संथ, या दोन्ही कथा त्या सहा नोंदींना सारख्याच पटतात.

पूर्ण दिवस मिळतच नसेल तर त्यावर एक वैध उपाय आहे. उपशापूर्वी मोजलेली स्थिर पातळी सी म्हणून भरून तिच्यासमोरील कॉन्स्टंट या चौकटीत खूण करावी, म्हणजे सॉफ्टवेअर तिला हात न लावता फक्त डी आणि के शोधते. मात्र मोजण्यापूर्वी विहीर खरोखर विसावलेली असली पाहिजे. आदल्या रात्री मोटर चालली असेल, तर तो आकडा स्थिर पातळीचा नव्हे.

लॉगरिथम घेऊन सरळ रेषा काढण्याची जुनी रीतही अनेकांना माहीत असते. तुटीचा लॉग वेळेसमोर मांडला की रेषा सरळ येते आणि तिच्या उतारावरून के मिळतो. ती हाताने करता येते हा तिचा गुण, पण तिच्यात दोन उणिवा आहेत. सी आधीच ठाऊक असावा लागतो, आणि मोजण्यातली दोन सेंटीमीटरची चूक सुरुवातीच्या तीन मीटर तुटीत एक टक्काही नसते, तर चोवीसाव्या तासाच्या सतरा सेंटीमीटर तुटीत तीच चूक बारा टक्के होते. लॉग घेतल्यावर दोन्ही नोंदींना सारखेच वजन मिळते, म्हणजे सर्वांत कच्च्या नोंदी रेषा ओढून नेतात. सुरुवातीची किंमत काढायला ही रीत वापरावी, अंतिम उत्तराला नाही.

आकड्यांवरून पाण्याचा हिशेब

सहा मीटर व्यासाच्या विहिरीचे क्षेत्रफळ २८.३ चौरस मीटर. त्याला के ने, म्हणजे ०.१२१ ने गुणले की ३.४ येतात: तुटीच्या प्रत्येक मीटरमागे तासाला ३.४ घनमीटर, म्हणजे ३,४०० लिटर आवक. तूट तीन मीटर असताना तासाला सुमारे दहा हजार लिटर पाणी येते, दीड मीटर उरल्यावर पाच हजार. तूट नव्वद टक्के भरून निघायला २.३०३ भागिले के इतके, म्हणजे एकोणीस तास लागतात. रोज एकाच वेळी लाइन मिळत असेल आणि उपसा चार-पाच तासांत उरकत असेल, तर ही विहीर दुसऱ्या दिवशी जवळपास भरलेली सापडेल. दिवसातून दोन वेळा उपसण्याचे नियोजन केले, तर दुसऱ्या वेळी पहिल्याइतके पाणी मिळणार नाही, आणि किती कमी मिळेल तेही याच सूत्रात तास भरून काढता येते.

के हा विहिरीचा कायमचा गुण मानू नये. ऑक्टोबरात मुरमाचा थर ओला असतो आणि त्यातूनही पाणी येते. मे महिन्यात तो कोरडा पडून केवळ खालच्या भेगा उरतात. तेव्हा हिवाळ्यातला के उन्हाळ्याच्या बागेला लावण्याऐवजी चाचणी मार्च-एप्रिलमध्ये पुन्हा घ्यावी. प्रोजेक्ट फाइल सेव्ह करताना तक्त्याच्या नावातच तारीख लिहावी, आणि विहिरीचा व्यास, काठावरील खुणेची जागा, आडव्या बोअरची खोली व उपशापूर्वीची पातळी हे चार आकडे त्याच फाइलमध्ये टिपणात ठेवावेत, कारण पुढच्या चाचणीच्या सुरुवातीच्या किमती तेथूनच घ्यायच्या आहेत.